सुरतेची थंडी आणि आजींचे स्नान

आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब नोकरीनिमित्त सुरतेस, उधना भागात राहते. गेल्या जानेवारीत आम्ही त्यांच्याकडे दोन दिवस उतरलो होतो. सुरतेची थंडी ती केवढी! तरी पहाटे ऐंशी वर्षांच्या आजी थंड पाण्याने स्नान करीत होत्या. आणि पाणी तापविण्याचा विजेचा रॉड न्हाणीघरात खुंटीला टांगलेला!

विचारले, तेव्हा सूनबाईंचे डोळे भरून आले. आदल्या हिवाळ्यात विजेचे बिल फार आले, तेव्हा घरधनी "हा रॉड घर खाणार" असे बोलून गेले. आजींनी ते ऐकले व तेव्हापासून रॉडला हात लावू दिला नाही.

आम्ही ते जुने बिल व पेन्सिल मागितली. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, परंतु वॅटला थेट रुपयांनी गुणावयास निघालो! आठवीतल्या नातीने आम्हांस सावरले : हजार वॅटचे उपकरण तासभर चालले, की एक युनिट. रॉड १५०० वॅटचा. वीस लिटरची बादली २२ अंशांवरून ४२ अंशांपर्यंत तापावयास सुमारे २० मिनिटे. म्हणजे अर्धे युनिट. स्थिर आकार, इंधन आकार, वीजकर सारे धरून त्या बिलात युनिटला सुमारे ८ रुपये पडत होते. अर्थात बादलीस ४ रुपये, महिन्यास १२०.

मग एवढे बिल आले कशाने? सूनबाईंना आठवले : त्याच महिन्यात बाळंतिणीच्या खोलीत २००० वॅटचा हीटर वीस रात्री, रात्रीचे सहा तास लावला होता. १२ युनिटे रोज, म्हणजे २४० युनिटे, १,९२० रुपये! खोली तापल्यावर आपोआप बंद होणारी कळ त्यात असती, तर आकडा कमी झाला असता, ती नव्हती. शिवाय वापर वाढला, की वरच्या टप्प्यातील युनिटे महाग पडतात. बाळासाठी झालेला तो खर्च योग्यच होता. दोष मात्र बिचाऱ्या रॉडच्या माथी आला.

घरधनी बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग उठून त्यांनी स्वतः बादली भरली.

बटण बंद करून प्लग काढल्यावाचून पाण्यात बोट घालू नये, बादली प्लॅस्टिकची असावी, हे आम्ही आजींस दोनदा बजावले. दुसऱ्या दिवशी आमच्या स्नानाच्या वेळी दाराबाहेरून त्यांनीच आम्हांस विचारले, "फादर, प्लग काढलात ना?"