जुनी रॅम, नवा मदरबोर्ड

नवा मदरबोर्ड घ्यायचा, तर जुनी रॅम चालेल का? लेकीच्या संगणकातल्या आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या चांगल्या चालतात, टाकवत नाहीत. त्या डीडीआर ४. दुकानात डीडीआर ५ शेजारी धरून पाहिली. पिना दोन्हींना २८८च, लांबीही तीच. खाच मात्र वेगळ्या जागी. जुनीला १.२ व्होल्ट लागतात, नवीला १.१. खाच जुळत नसेल तर जोर लावायचा नाही, ती त्यासाठीच असते! २०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या एएम५ बोर्डांवर फक्त डीडीआर ५ चालते. इंटेलच्या बाराव्या पिढीसाठी (२०२१) मात्र दोन्ही प्रकारचे बोर्ड निघाले. काहींच्या नावातच 'डी४' असते. आमचा शोध त्या 'डी४'चा. दुकानदार मात्र डीडीआर ५ च पुढे सरकवतो.