मराठी ख्रिस्ती घरातील गीतगायन

मराठी प्रोटेस्टंट समाजात गीतगायनाच्या जागा दोन. एक रविवारच्या उपासनेतली, जिथे पाळक 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातला क्रमांक सांगतात, पेटीवर चाल वाजते आणि मंडळी, म्हणजे त्या चर्चचे सभासद, उभे राहून गातात. दुसरी घरातली, संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेतली, जिथे शास्त्रवाचनाआधी एखादे गीत म्हटले जाते आणि ताल धरायला टाळी पुरते. पहिली जागा अजून भक्कम आहे. दुसरी मात्र पुष्कळ घरांत नाताळ, साखरपुडा आणि मयतानंतरची प्रार्थनासभा एवढ्यापुरतीच उरली आहे, आणि हे केवळ वेळेच्या अभावामुळे झाले असे मानणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही.

नव्या करारात गायनाचा संबंध मंदिरापेक्षा त्याबाहेरच्या जागांशी अधिक दिसतो. शेवटच्या भोजनानंतर येशू आणि शिष्य स्तोत्र गाऊनच जैतुनांच्या डोंगराकडे निघतात, आणि पौल व सीला फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री गातात. सोळाव्या शतकात ल्यूथरने जर्मन भाषेत गीते रचली ती सामान्य माणसाच्या तोंडी बसावीत म्हणूनच.

महाराष्ट्रात मात्र गीते अशी तोंडी बसण्यात एक अडचण होती. अमेरिकन मराठी मिशनचे काम 1813 मध्ये मुंबईत आणि 1831 मध्ये अहमदनगरला सुरू झाले, आणि मिशनऱ्यांबरोबर इंग्रजी गीतांच्या चालीही आल्या. इंग्रजी गीताच्या ओळीत साधारणपणे एकाआड एक अक्षरावर आघात, म्हणजे उच्चाराचा जोर, येतो. मराठी शब्दात असा ठळक आघात नसतो. त्यामुळे इंग्रजी चालीवर बेतलेल्या मराठी ओळीत 'ने', 'ला', 'चा' असे प्रत्यय नेमके लांब सुरावर येतात आणि ज्या शब्दात अर्थ आहे तो घाईने उरकला जातो. पेटीच्या आधाराने आणि शंभर गळ्यांच्या गजरात हे खपून जाते. घरात तिघेचौघे गाऊ लागले की चाल दुसऱ्याच ओळीला सुटते.

यावरचा उपाय नगरच्याच मातीत सापडला. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कीर्तनाचा घाट ख्रिस्ती आशयासाठी वापरला, आणि 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग व ओवी यांना उपासनेत मानाची जागा दिली. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक मानत. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार चरण असतात, दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक असते, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा काटेकोर हिशेब नसल्यामुळे गाणाऱ्याला सूर हवा तसा ओढता येतो. चौथा आखूड चरण श्वास घ्यायला जागा देतो. एकाने चरण म्हणायचा आणि बाकीच्यांनी ध्रुपद धरायचे, एवढी रीत माहीत असली की ज्याला वाचता येत नाही तोही त्या गायनात पूर्ण भागीदार होतो. (गोव्यात फादर स्टीफन्स यांनी 1616 मधील ख्रिस्तपुराणासाठी ओवीच निवडली होती, हा योगायोग नव्हे.)

प्रस्तुत लेखकाच्या घरी कौटुंबिक गायन पुन्हा सुरू झाले तेव्हा हाच भेद अनुभवास आला. प्रारंभी पुस्तक उघडून रोज नवे गीत घेतले जाई. थोरले चाल आठवत बसत, लहानांची नजर पानावरून उडत असे, आणि काही दिवसांत गीत वगळून थेट प्रार्थनेला सुरुवात होऊ लागली. पुढे आठवडाभर एकच अभंग, तोही पुस्तकाशिवाय, असा प्रघात पडला. पहिल्या दिवशी फक्त ध्रुपद, दुसऱ्या दिवशी त्याला एक कडवे जोडायचे, आणि कोणी चुकले तरी मध्ये थांबवायचे नाही. आठवड्याच्या अखेरीस तो अभंग प्रार्थनेची वेळ सोडून बाहेर पडलेला असे: भाकऱ्या थापताना, पाणी भरताना, मुलांच्या आंघोळीच्या गडबडीत तो कोणाच्या ना कोणाच्या तोंडी येई. घरातल्या एका वृद्ध स्त्रीला आजारपणात वाचन जमेनासे झाले, तेव्हा तिला सोबत झाली ती पाठ असलेल्या या मोजक्या अभंगांचीच. पुस्तकातली इतर शेकडो गीते तिच्यासाठी मिटलीच होती.

अलीकडे बऱ्याच चर्चमध्ये गीताचे शब्द पडद्यावर येतात आणि गायनाचा भार माइक घेतलेल्या गायकवृंदावर असतो. आवाज भरदार होतो, हे मान्य करायला हवे. परंतु शब्द दर रविवारी समोर आयते आल्याने ते पाठ करण्याची गरज संपते, आणि घरी पडदाही नसतो व गायकवृंदही नसतो. नवी गीते गाऊ नयेत, असा याचा अर्थ नाही. मात्र ज्या मंडळीला घरोघर गायन हवे आहे तिने महिन्याला एखादाच अभंग निवडावा, तो चारही रविवारी उपासनेत पेटीशिवाय एकदा तरी म्हणून घ्यावा आणि पाळकांनी घरभेटीला गेल्यावर तोच धरावा. हे करायला वेगळा खर्च नाही आणि समितीच्या ठरावाचीही गरज नाही.