पाण्याखालची खाचरे

रतनवाडी हे माझे गाव. अकोले तालुक्यातले, रतनगडाच्या पायथ्याचे. वर्गातल्या काही मित्रांना ते ठाऊक आहे, पण काजव्यांमुळे. मृगाच्या आधी हिरड्या-बेहड्याच्या झाडांवर काजवे लुकलुकू लागले की शहरातल्या गाड्यांची रांग लागते. पुढचे चार महिने तिथे कसा पाऊस कोसळतो आणि माणसे तो कसा काढतात, हे मात्र कोणी विचारीत नाही.

गावाचा भूगोल सोपा आहे. पश्चिमेला सह्याद्रीचा कडा. कड्यापलीकडे पडलेला थेंब कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळतो. अलीकडे पडलेला प्रवरेतून गोदावरीत आणि तिथून पार बंगालच्या उपसागरात जातो. ढग एकच! प्रवरेचा उगम आमच्या रतनगडावर. खाली अमृतेश्वराचे काळ्या दगडातले जुने देऊळ आहे. खाचरात भात, उतारावर नाचणी आणि वरई. सपाट जमीन थोडी, म्हणून तिची किंमत आम्हाला फार.

इतिहास मात्र इतका सोपा नाही. आम्ही महादेव कोळी. पूर्वजांकडे गडांची राखण असे. १८१८ साली पेशवाई बुडाली, इंग्रजांनी जुन्या हक्कांना कात्री लावली आणि बंडे पेटली. आमच्याच तालुक्यातल्या देवगावच्या राघोजी भांगऱ्यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले. त्याआधी, १८३६ च्या सुमारास, आमच्या जमातीचा सविस्तर वृत्तांत लिहिला तो कॅप्टन मॅकिंटॉश या साहेबाने. हाच साहेब पूर्वी बंडखोर कोळ्यांच्या मागे फौज घेऊन हिंडत होता. धरायला आला आणि आमची कुळे, देव, चालीरीती लिहून गेला! राग यावा की आभार मानावेत? मला दोन्ही वाटले. आमच्या घरात तेव्हा लिहिणारे कोणी नव्हते. कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला.

भंडारदऱ्याच्या धरणाचे काम १९१० साली सुरू झाले, १९२६ साली पुरे झाले. भिंत सुमारे २७० फूट उंच, पाणी ११ अब्ज घनफूट. पुस्तकात एवढेच असते. आजीचे पुस्तक वेगळे. पाण्याखाली गेलेल्या खाचरांची नावे तिला पाठ आहेत. तिने ती पाहिलेली नाहीत; सासूने सांगितली, सासूला तिच्या सासूने. उन्हाळ्यात पाणी हटले की ती हात करून दाखवते, "त्या तिथं आपलं भात व्हायचं. आता नदीचं झालं."

ते पाणी खाली गेले. ऊस पिकला, १९५० साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्या पैशातून शाळा-कॉलेजे निघाली. आपल्या वसतिगृहाच्या नळालाही प्रवरेचेच पाणी येते. त्यामुळे धरणाला शिव्या देणे मला जमत नाही, आणि आजीसमोर त्याचे गुणगानही करवत नाही. अर्थशास्त्राच्या तासाला 'लाभक्षेत्र' हा शब्द आला की मी उगीच खिडकीबाहेर बघतो. लाभक्षेत्राच्या उलट शब्द काय, तो काही आम्हाला शिकवलेला नाही.

गेल्या दिवाळीच्या सुटीत वही घेऊन आजीजवळ बसलो. "ह्ये कशाला लिहितुस? परीक्षेत इचारत्यात का?" असे ती म्हणाली खरी, पण मग सावरून बसली. देवाचं, आंब्याचं, म्हातारीचं, खालचं लांबकं... सतरा नावे झाली. अठरावे काही केल्या आठवेना. शेजारच्या काकूला ठाऊक असेल म्हणाली, पण काकू भात कापायला गेलेली. दिवेलागणीला ती परतली, डोक्यावर भारा तसाच. आजीने ओट्यावरूनच विचारले. काकू क्षणभरही थांबली नाही.

"उंबराचं की वं!"

आजीने माझ्या हातातल्या वहीकडे बोट केले. "लिव्ह."