भुईला काय विचारावे?

घर बांधावयाचे ठरले म्हणजे आपण किती जणांचा सल्ला घेतो! ज्योतिषी मुहूर्त काढून देतो, स्वयंपाकघराची खिडकी कोठे हवी हे गृहिणी बजावून ठेवते, आणि फरशीच्या रंगावरून तर घरात दोन तट पडतात. ज्या भुईने हा सारा भार वाहावयाचा, तिचे मत मात्र सहसा कोणी विचारीत नाही. विचारावयाचे मनात आले तरी नेमके काय विचारावे, हे ठाऊक नसते.

आमच्या गृहनिर्माण संस्थेत नुकताच या प्रश्नाचा बराच खल झाला. पुण्यातील आमची तीन मजली इमारत १९७४ सालची. ती पाडून तेथे बारा मजली इमारत उभारावयाची आहे. सभासद बहुतेक पेन्शनीत निघालेले. राहते घर हीच त्यांची आयुष्याची पुंजी. अभियंत्यांनी जमिनीत ठिकठिकाणी खोल विंधणे घेण्याचा खर्च पुढे मांडला, तेव्हा एक वयोवृद्ध सभासद म्हणाले, “अहो, पन्नास वर्षांत भिंतीला केसाएवढी चीर गेली नाही. आता आणखी परीक्षा कसली? फार तर एक खड्डा खणा. मुरूम दिसला की झाले!” पुष्कळांच्या माना डोलल्या. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण भुईने पन्नास वर्षे जे उत्तर दिले, ते तीन मजल्यांच्या प्रश्नाला दिलेले होते. बारा मजल्यांचा प्रश्न तिला अजून कोणी विचारलाच नव्हता.

पायाचा भार त्याच्या तळाशी संपत नाही. तो खाली पसरत जातो, आणि चौरस पाया असेल तर साधारणतः त्याच्या रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंत जाणवत राहतो. म्हणून लहानशा घराला बहुधा खड्डा पुरतो. त्यात उतरून मातीचे थर डोळ्यांनी पाहता येतात, ढेकूळ हातात घेऊन चुरता येते. सबंध इमारतीखाली एकच विस्तीर्ण पाया घालावयाचा झाला, तर जेथवर त्याचा भार पोहोचतो तेथवर कोणता खड्डा जाणार?

कॅनडात विनिपेगजवळ ट्रान्सकोना येथे धान्याचे एक प्रचंड कोठार बांधले गेले. तेथील जमिनीची परीक्षा झाली नव्हती असे नाही. वरच्या घट्ट चिकणमातीवर लहानसे बैठक-पत्रे ठेवून त्यांवर वजन दिले गेले, आणि जमीन परीक्षेत उतरली. मग ऑक्टोबर १९१३ मध्ये धान्य भरता भरता ते कोठार खचू लागले आणि सुमारे २७ अंशांनी कलले. बांधकाम इतके पक्के, की ते कलले पण मोडले नाही! लहान पत्र्याचे वजन वरच्या घट्ट थरातच जिरले होते. खालच्या मऊ थराशी त्याची गाठच पडली नव्हती. कोठाराचा अवाढव्य भार मात्र तेथवर पोहोचला. परीक्षा खरी होती, उत्तरही खरे होते. प्रश्न तेवढा तोकडा पडला.

ही हकीकत ऐकल्यावर सभेने विंधणांना संमती दिली. त्या कामात ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरांवरून पुनःपुन्हा पाडतात, आणि मातीत ३० सेंटिमीटर शिरावयास किती ठोके लागले ते मोजतात. कातळ लागला म्हणूनही लगेच थांबत नाहीत. आपल्याकडचा काळा दगड झिजताना मातीत मोठमोठे गोटे मागे राहतात. वरून लागलेला कातळ अशा गोट्याचा माथाही असू शकतो. यास्तव दगडात आणखी काही मीटर उतरून त्याचा सलग गाभा वर काढून पाहावा लागतो.

खोल विंधण म्हणजेच उत्तम परीक्षा, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. देशावरच्या काळ्या मातीत बैठे घर बांधणाऱ्याला भाराची फारशी भीती नसते. त्याला भीती ऋतूंची. पावसाळ्यात ती माती फुगून जोते उचलते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वैशाखात तिच्यावर हातोडा पाडला तर ती दगडासारखी कठीण भासेल आणि ठोक्यांचा आकडा धीर देऊन जाईल. तिला पाण्याविषयीच विचारले पाहिजे. त्याची एक साधी परीक्षा आहे. वाळवून चाळलेली दहा दहा ग्रॅम माती काचेच्या दोन नळ्यांत घालावी. एकीत पाणी ओतावे, दुसरीत घासलेट. चोवीस तासांनी पाहावे. घासलेटात ती फुगत नाही. पाण्यात किती फुगली, ते दोन्ही नळ्या शेजारी ठेवल्या की कळते. अर्थात एवढ्यावर पाया ठरत नाही, पण पुढे काय विचारावे हे ठरते.

पायाखाली घातलेला पैसा पाहुण्यांना दाखविता येत नाही, आणि त्याच्या तपासणीचा तर आपल्यालाही दिसत नाही. म्हणूनच काटकसरीची कात्री प्रथम त्याच्यावर चालते. परंतु भुईचा स्वभाव मोठा सरळ आहे. जेवढे विचारावे तेवढेच ती सांगते. न विचारलेले ती कधी तरी सांगतेच, पण तोवर आपण तिच्यावर राहावयास गेलेलो असतो.