कल्हई केलेलें यंत्र

आमच्या लिहिण्याच्या मेजावर २०१२ सालच्या दिवाळींत जो लॅपटॉप येऊन बसला, तो २०२५ सालची दिवाळी येईपर्यंत तेथून हलला नाहीं. मांडीवर घेण्याचें यंत्र म्हणून त्याची ख्याति. परंतु आम्हीं त्यास मांडीवर असा एकदांच घेतला, आणि त्या वेळीं त्याच्या तापलेल्या पोटाचा जो प्रसाद मिळाला, त्यानंतर मेज हेंच त्याचें योग्य आसन असा निकाल आमच्यापुरता लागला. पुढें वार्धक्यानें त्यास चारी बाजूंनीं घेरिलें. डावी बिजागरी तुटली, तेव्हां पडद्यास महाराष्ट्र शब्दकोशाच्या दोन खंडांचा टेकू द्यावा लागला. दाते आणि कर्वे यांनीं तो कोश ज्या कामासाठीं रचिला, त्यापेक्षां आमच्या घरीं त्याचा हाच उपयोग अधिक झाला, हें कबूल केलें पाहिजे. विजेची तार काढली कीं दुसऱ्या मिनिटास यंत्र डोळे मिटी. सकाळीं त्याची कळ दाबून आम्ही चहाचें आधण ठेवीत असूं, चहा घेऊन वर्तमानपत्राचें पहिलें पान संपवीत असूं, आणि मग मेजापाशीं यावें तों त्यास अर्धवट जाग आलेली असे. आंतला पंखा तर असा घरघरे, कीं शेजारच्या खोलींत कोणी जात्यावर दळीत बसलें आहे असें पाहुण्यांस वाटावें. सौ. चें म्हणणें असें, कीं यंत्राचा गुण आम्हांस लागला होता आणि हाक मारल्यावर आम्हीहि तितक्याच वेळानें 'ओ' देऊं लागलों होतों.

त्याच्या निवृत्तीचें कारण मात्र यांपैकीं एकहि नव्हे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा संपला. आमची भाची संगणकाच्याच व्यवसायांत आहे. ती म्हणाली, "मामा, आता ह्याच्यावर बँकेचे व्यवहार करायचे नाहीत. दाराला कडी आहे. पण ती खिळखिळी झाली, तर दुरुस्त करायला कुणी येणार नाही." बरें, विंडोज ११ च्या पंगतीस बसावें, तर तेथील सोंवळें कडक! इंटेलचा प्रोसेसर साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्याच्या पुढचा हवा, शिवाय गुप्त किल्ल्या सांभाळणारी टी.पी.एम. २.० ही सोय आंत हवी. आमचा तिसऱ्या पिढीचा. वर्षभराच्या मुदतवाढीची सवलत होती. परंतु नोकरींत मुदतवाढ मागणाऱ्यांचे चेहरे आम्हीं पाहिलेले असल्यामुळें त्या वाटेस जाण्याची इच्छा झाली नाहीं. आम्ही स्वतः नोकरींतून उतरलों, तेव्हां महिनाअखेरीस सायंकाळपर्यंत जाणते होतों आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं शाल-श्रीफळासह निरुपयोगी झालों. त्यामुळें एखाद्या तारखेस म्हातारें ठरणें म्हणजे काय, हें त्या यंत्राच्या आधीं आम्हीं अनुभविलें होतें. तरीहि न्यायानें बोलावयाचें, तर भाचीचें म्हणणें खोटें नव्हतें. पेन्शन त्याच यंत्रावर पाहिली जात होती.

परदेशीं असलेल्या चिरंजीवांनीं नवें कोरें यंत्र घ्या, पैसे पाठवितों, असें कळविलें. एका स्नेह्यांनीं जुन्यावरच लिनक्स घालण्याचा सल्ला दिला, तो वाईट नव्हता; परंतु त्या तुटक्या बिजागरीस लिनक्सहि काय करणार? शेवटीं भाचीनें 'रिफर्बिश्ड' घ्यावयाचें ठरविलें. हा शब्द ऐकून शेजाऱ्यांनीं नाक मुरडलें. "म्हणजे जुन्या बाजारातलंच ना?" त्यांनीं विचारलें.

आमच्या डोळ्यांपुढें मात्र जुना बाजार न येतां कल्हईवाला आला. दिवाळीच्या आधीं तो वाड्याच्या दारांत खळगा खणून भाता मांडी. पातेलें तापलें कीं त्यांत नवसागराची पूड पडे, पांढऱ्या धुराचा लोट उठे, मग कथलाची कांडी लागे आणि कापसाच्या बोळ्यानें त्यानें एक हात फिरविला, कीं काळवंडलेलें पितळ आंतून चांदीसारखें उजळे. तें भांडें नवें आहे असें कोणी म्हणत नसे. आणि जुनें आहे म्हणून त्यांतली आमटी कोणी ओतून टाकीत नसे. फार काय, कल्हई न केलेल्या नव्या पितळी पातेल्यापेक्षां कल्हई केलेलें जुनें अधिक भरंवशाचें, कारण तें आंबटानें कळकत नाहीं. हा व्यवहार जाणणाऱ्या घरांनीं 'रिफर्बिश्ड' या शब्दास भ्यावें, हें नवलच होय.

बुधवार पेठेंतील तपकीर गल्लीच्या नांवांत तपकीर असली, तरी आतां तेथें शिंक येते ती तारांच्या भेंडोळ्यांवरील धुळीनें. तेथून जवळच एका माडीवर भाचीनें आम्हांस नेलें. भिंतीशीं लॅपटॉपांच्या उतरंडी लागल्या होत्या. मोठमोठ्या कंपन्या हीं यंत्रें तीन-चार वर्षांच्या भाड्यानें घेतात, मुदत सरली कीं गठ्ठ्यानें परत करतात, आणि मग तीं अशा ठिकाणीं येतात. एक तरुण मुलगा एका यंत्राचें पोट उघडून बसला होता. पंख्यांत अडकलेला धुळीचा बोळा त्यानें चिमट्यानें काढला, प्रोसेसरवरचा सुकून खपली झालेला लेप पुसला आणि ताजा लावला. उष्णता बाहेर नेणारा हा लेप वाळला, कीं यंत्र तापतें व पंखा ओरडूं लागतो, असें त्यानें सांगितलें. आमच्या घरचें जातें कां घरघरत होतें, याचा उलगडा तेरा वर्षांनीं झाला! २०२२ च्या ई-कचऱ्याच्या नियमांनीं अशी दुरुस्ती करून यंत्राचें आयुष्य वाढविणारांस निराळें स्थान दिलें आहे. लॅपटॉपामुळें होणाऱ्या प्रदूषणाचा मोठा वाटा तो घडवितांनाच होऊन जातो. तेव्हां जें घडलें आहे तें चार वर्षें अधिक वापरणें, हें नुसतें काटकसरीचें लक्षण नव्हे.

भाचीनें परीक्षा मात्र अशी घेतली, कीं जुन्या काळीं मुली पाहावयास जाणारीं माणसें लाजावीं. एक आज्ञा टंकली असतां यंत्र आपल्या बॅटरीची कुंडली स्वतःच मांडतें. मूळची शक्ति पन्नास वॅट-तास, उरलेली एकोणचाळीस. आधीच्या कंपनीचें कुलूप मुळाशीं राहिलें नाहीं ना, हेंहि तिनें पाहिलें. तें राहिलें असतें, तर यंत्र आमच्या घरीं आणि मालकी दुसऱ्याची, असा प्रकार व्हावयाचा. आठव्या पिढीचा प्रोसेसर, आठ जीबी रॅम, फिरत्या तबकडीऐवजीं २५६ जीबींची निश्चल साठवण आणि सहा महिन्यांची हमी. किंमत साडेएकोणीस हजार. "काका, बॉडीवर ओरखडे आहेत, तेवढे चालवून घ्या," दुकानदार म्हणाले. ओरखड्यांचें आम्हांस कांहीं वाटलें नाहीं. झांकणावर कोणत्याशा कंपनीची चिठ्ठी खरवडून काढल्याचा चौकोन होता, आणि कळांमध्यें सर्वांत झिजून चकाकत होती ती खोडण्याची कळ. पूर्वीचा धनी कोण, हें आम्हांस कधींच कळणार नाहीं. पण लिहून पस्तावणारा तो आमच्याच जातीचा असावा.

येथवर सर्व ठीक झालें. जुनें यंत्र सोडण्यास आम्ही तीन वर्षें टाळाटाळ कां करीत होतों, तें मात्र आम्हीं कोणास सांगितलें नव्हतें. २०१३ आणि २०१४ या दोन पावसाळ्यांत आमच्या आईनें आपल्या आठवणी आम्हांस सांगितल्या आणि आम्हीं त्या याच यंत्रावर टंकल्या. २०१५ च्या आरंभीं ती गेली. एकशें चाळीस पानें. तीं ज्या जुन्या टंकांत लिहिलीं, तो युनिकोडच्या वळणाचा नव्हता. म्हणजे पडद्यावर 'आई' असें दिसे, परंतु यंत्राच्या मनांत तीं इंग्रजी अक्षरें असत. टंकाचा मुखवटा तेवढा देवनागरी. नव्या यंत्रावर पहिली फाइल उघडली, तों आईच्या जागीं इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा! आम्ही खुर्चींत बसूनच राहिलों. भाचीनें धीर दिला, रूपांतराचें साधन आणलें आणि तासाभरांत मराठी परत आली. परंतु ती पडून हाडें मोडलेल्या माणसासारखी. जुन्या टंकांत ऱ्हस्व वेलांटी दिसावयास अक्षराच्या आधीं, म्हणून टंकावयाचीहि आधीं. युनिकोडमध्यें ती अक्षरानंतर नोंदली जाते. रफाराची गोष्ट याच्या उलट. त्यामुळें ठिकठिकाणीं वेलांट्या एकाकी लोंबत होत्या आणि 'वर्ष' चें 'वषर्' झालें होतें. "हे हातानंच तपासायला हवं, मामा," असें म्हणून ती आपल्या घरीं गेली.

सुदैवानें आईच्या सांगण्याचें ध्वनिमुद्रणहि आम्हीं त्याच यंत्रावर ठेविलें होतें. मोडलेला शब्द कोणता हें समजेना, तेथें तें ऐकावयाचें, असा क्रम दोन महिने चालला. आईचें माहेर अलिबागेजवळचें. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं, त्या दिवशीं तिचे मामा त्याच बोटीनें यावयाचे होते. धक्क्यावर पोंचण्यास त्यांस उशीर झाला. आमच्या टंकलेल्या पानावर होतें, 'मामा सुखरूप असल्याचें कळतांच घरांत आनंदीआनंद झाला.' त्यांतलें 'सुखरूप' नीट करावयाचें होतें, म्हणून आम्हीं ध्वनिमुद्रण लावलें. आईचे शब्द निराळेच होते. "मामा वाचले. पण आजी हसली नाही हो. शेजारचे दोघे त्याच बोटीत होते. आमच्याकडे आठ दिवस गोड शिजलं नाही, शेजारी ऐकू जाईल म्हणून हळू बोलायचे सगळे."

'आनंदीआनंद' हा आमचा शब्द. तिच्या बोलण्यास शोभा यावी म्हणून आम्हीं तो घातला होता, आणि ती शेवटपर्यंत त्याबद्दल कांहीं बोलली नाहीं. कदाचित् वाचून दाखविलें तेव्हां तिला तो ऐकूंच आला नसेल. त्या दिवसानंतर आम्हीं वेलांट्या सोडून दिल्या आणि एकशें चाळीस पानें पहिल्यापासून ऐकावयास घेतलीं. असे शब्द बरेच निघाले. ती झिजलेली खोडण्याची कळ आमच्या बोटाखालीं आणखी झिजली.

जुन्या यंत्राची तबकडी आम्हीं काढून कपाटांत ठेविली. फाइल पुसली म्हणजे ती जात नाहीं, ग्रंथालयाच्या सूचींतलें पत्र तेवढें फाटतें आणि पुस्तक फळीवर तसेंच राहतें, असें भाचीनें समजाविल्यामुळें ती कोणास देण्याचें धाडस झालें नाहीं. उरलेला सांगाडा सुट्या भागांसाठीं गेला. पंधराशें रुपये आले. शब्दकोशाचे दोन्ही खंड आपल्या फळीवर परतले.

नवें यंत्र मुकाट काम करतें. त्याचा पंखा फिरतो कीं नाहीं, हें कान लावून पाहावें लागतें. परवां दुपारीं आईचा बोटीचा भाग पुन्हां लावला होता. 'हळू बोलायचे सगळे' असें म्हणून ती थांबते. पुढें बराच वेळ कोणी बोलत नाहीं, आणि त्या वेळच्या पंख्याची घरघर तेवढी ऐकूं येत राहते. सौ. स्वयंपाकघरांतून पदरास हात पुशीत आल्या आणि म्हणाल्या, "जुना पुन्हा आणलात की काय?"