थारोळ्यावरून

आमच्या विहिरीवरच्या उडीची उंची दर पंधरवड्याला बदलत असे. थारोळ्याचा दगड जागचा हलत नव्हता. हलत होते ते पाणी. संक्रांतीला थारोळ्यापासून जेमतेम दीड परसावर चकाकणारे पाणी शिमग्याला तीन परसांवर उतरे, रामनवमीला चारांवर. आणि आखितीच्या सुमारास, म्हणजे शाळांना सुटी लागून गावातील यच्चयावत पोरे विहिरीवर लोटू लागत नेमके त्याच वेळी, ते पाच परस खाली जाऊन बसलेले असे. परस म्हणजे दोन्ही हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. आमची विहीर सात परसांची. तेव्हा पाच परस पोकळी वजा केली की उडी झेलायला उरत ते दोन परस. ज्या दिवसांत उडी सर्वांत उंच, त्याच दिवसांत तिच्याखालचे पाणी सर्वांत उथळ, असा हा व्यस्त हिशेब होता, आणि आष्टी तालुक्यातील एका कोरडवाहू गावातील आम्हां दहा-बारा वर्षांच्या मुलांना तो अंकगणिताच्या पुस्तकाआधी कळलेला होता.

विहीर थोरल्या आबांची. तिच्यावर तेव्हा मोट चालत असे. बैल धावेवरून खाली उतरले की नाडा ताणला जाई, मोट वर येई आणि थारोळ्यात भळभळा रिती होई. दुपारी बैल सोडले की थारोळे आमचे. पण आबांची एक शिस्त होती. लिंबाच्या बुंध्याला एका खुंटीवर त्यांनी परसापरसावर गाठ मारलेला काथ्याचा दोर टांगून ठेवला होता. टोकाला दगड बांधून तो दोर तळापर्यंत सोडायचा, वर ओढायचा आणि किती गाठी भिजल्या ते आबांना दाखवायचे. त्याशिवाय कोणी थारोळ्यावर पाय ठेवायचा नाही. “पाण्याला आधी इचारावं, लेकरांनो, मंग उडी टाकावी,” असे ते म्हणत. दोन गाठी भिजल्या तर सूर. दीड भिजली तर नुसती उभी उडी, तीही पाय आखडून. एकच भिजली तर अंगरखे घालून घरी. हा हुकूम मोडणाऱ्यास काय शिक्षा होई ते सांगत नाही, कारण मी ती दोनदा भोगलेली आहे.

उड्यांचे प्रकार बरेच होते. पण त्यांत मान होता तो मुटक्याला. गुडघे छातीशी घेऊन, अंगाचा गोळा करून पाण्यावर असे आदळायचे की उसळलेले तुषार निदान तिसऱ्या पायठ्यापर्यंत चढावेत. आणि ज्याच्या मुटक्याने काठावर बसलेल्यांची धोतरे भिजत तो त्या दिवसाचा राजा. सूर मारणाऱ्याने तळाचा गाळ मुठीत धरून वर आणला तरच त्याचा सूर खरा धरला जाई, एरवी तो नुसता बोलण्यातला. पाणी जपून वापरणाऱ्या मुलखात पोरांनी पाणी उधळण्याचीच पैज लावावी, यात विसंगती होती हे आज ध्यानात येते. तेव्हा ती विसंगती नव्हती. उसळलेले पाणी अखेर विहिरीतच पडत होते.

पुढे मी महसूल खात्यात नोकरीस लागलो आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. त्या तीस-पस्तीस वर्षांत जिल्ह्यातील किती विहिरींच्या पातळ्या टंचाईच्या तक्त्यांत भरल्या, किती विहिरी अधिग्रहित केल्याचे हुकूम तयार केले आणि किती टँकरांच्या फेऱ्यांची मोजदाद ठेवली, याची गणती नाही. बीड शहराबाहेरच्या खजाना विहिरीवर पाहुण्या साहेबलोकांना घेऊन जाण्याचे कामही वारंवार माझ्याकडे येई. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या अमदानीत, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, जहागीरदार सलाबतखानाने ती बांधविली, आणि जमिनीखालून भुयारी मार्गांनी पाणी आणून ते पुन्हा भुयारानेच शेतीकडे नेण्याची तजवीज तीत केली. तिचे पाणी आटत नाही अशी तिची ख्याती. पाहुणे तिच्या स्थापत्याची वाहवा करीत. मी मात्र काठावर उभा राहून, सवयीने, येथून पाणी किती परस असेल हेच मनाशी मोजत असे.

अशा मनःस्थितीच्या मनुष्याने १९९२ साली, बीडच्या भाड्याच्या बिऱ्हाडात, शेजाऱ्यांच्या दूरदर्शन संचावर बार्सिलोनाच्या ऑलिंपिकमधील उड्या पाहिल्या. माँजुइक टेकडीवरच्या त्या उघड्या तलावाचा मनोरा असा उभा होता की उडी मारणारा खेळाडू हवेत गेला की त्याच्यामागे सगळे शहर पसरलेले दिसे. जणू तो पाण्यात नव्हे, त्या घरांच्या छपरांवरच झेपावत आहे. मला पहिला धक्का बसला तो उंचीचा. मनोरा दहा मीटरचा, म्हणजे आमच्या आखितीच्या पाच परसांहून फार निराळा नव्हे! दुसरा धक्का त्याहून मोठा होता. एक मुलगी तीन-साडेतीन कोलांट्या घेऊन सरळ रेषेत पाण्यात शिरली, पाणी हलले न हलले असे झाले, आणि सारे प्रेक्षागार उठून उभे राहिले. ज्याने पाणी उडविले त्याला तेथे गुण कमी मिळत होते. आमचा राजा तेथे रंक ठरला असता.

तेव्हापासून या खेळाचा मी, काठावर बसूनच म्हणा, अभ्यासक झालो. १९०४ साली तो ऑलिंपिकमध्ये आला आणि १९१२ साली स्त्रियांना त्यात प्रवेश मिळाला, हा इतिहास झाला. मला ओढ होती ती त्याच्या कारभाराची. सात पंच बसतात. त्यांनी दिलेल्या गुणांपैकी सर्वांत वरचे दोन आणि सर्वांत खालचे दोन काढून टाकतात, उरलेल्या तिघांची बेरीज करतात आणि उडीच्या अवघडपणाचा जो आकडा आधीच ठरलेला असतो त्याने तिला गुणतात. फाजील लोभ आणि फाजील राग दोन्ही आधीच वजा करण्याची ही युक्ती आमच्या तंटामुक्तीच्या पंचांना कोणी शिकविली असती, तर माझ्या टेबलावरचे निम्मे अर्ज कमी झाले असते. दहा मीटरवरून पडणारे शरीर सुमारे दीड सेकंदात पाण्यास भिडते आणि त्या क्षणी त्याचा वेग ताशी पन्नास किलोमीटरच्या घरात असतो. त्या वेगाला पाणी मऊ नसते. म्हणून हातांचे तळवे सपाट करून पाण्याला आधी भोक पाडायचे आणि मग सारे अंग त्या भोकातून ओढून न्यायचे. ते साधले की मांजरपाट टरकन् फाडावे तसा आवाज होतो. आणखी एक गोष्ट पाहून तर मला आबांची आठवण झाली. तलावाच्या नितळ पाण्यावर मुद्दाम फवारे सोडून ते सतत हलते ठेवतात, कारण स्थिर निळे पाणी कोठे सुरू होते हे हवेत गरगरणाऱ्या डोळ्यांना उमगत नाही. आम्ही उडीपूर्वी विहिरीत खडा टाकत होतो. त्याचे कारण आम्ही पाणसाप पळावा असे सांगत होतो. खरे कारण बहुधा हेच असावे.

मनोऱ्यावरून उडी घेणाऱ्या खेळाडूच्या प्रवासाविषयी मी पुष्कळ विचार केला आहे. पुरुषांच्या मनोऱ्यावरच्या अंतिम फेरीत सहा उड्या असतात, स्त्रियांच्या फेरीत पाच. म्हणजे विमाने बदलत, परवाने आणि पारपत्रे दाखवीत, झोपेची घडी विस्कटलेल्या अंगाने अर्धी पृथ्वी ओलांडून जो येतो, त्याचे खरे काम दहा सेकंदांच्या आसपास आटोपते. दोन उड्यांच्या मधला काळ तो ऊन पाण्याच्या कुंडात बसून किंवा एका लहानशा पंच्याने अंग कोरडे करीत घालवितो. आणि सरावाचा फार मोठा भाग तर पाण्याबाहेरच असतो: जाळीवर, फोमच्या खड्ड्यावर, कमरेला दोऱ्या बांधून. त्याला ते लोक कोरडा सराव म्हणतात. कोरडेपणाच्या सरावात आमच्या जिल्ह्याचा हात कोणी धरील असे मला वाटत नाही!

पण या प्रवासातील खरी मौज निराळीच आहे. तो खेळाडू देश बदलतो, हवा बदलते, छताखालचा तलाव जाऊन उघड्या आभाळाखालचा येतो, पाणी आणि आकाश एकाच निळ्या रंगाचे होऊन त्याला चकवू पाहतात. परंतु एक गोष्ट जगात कोठेही बदलत नाही. मनोरा दहा मीटरचा असतो आणि खाली पाच मीटर पाणी असते. इतके दूर जाऊन त्याला पुन्हा त्याच दहा मीटरांवर उभे राहायचे असते. २०२१ साली टोकियोला चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातील एका खेड्यातून आलेल्या च्वान होंगछान या चौदा वर्षांच्या मुलीने ४६६.२० गुण मिळविले, पाचांपैकी दोन उड्यांना सातही पंचांकडून पुरे दहा घेतले, आणि नंतर वार्ताहरांना सांगितले की आपण अजून प्राणिसंग्रहालय पाहिलेले नाही. त्या पोरीला पाण्याविषयी काही विचारावेच लागले नव्हते. पाणी आपल्या जागी आहे, हा तिचा गृहीत धरलेला पाया होता आणि त्या पायावर तिचे सारे चित्त स्वतःच्या शरीरावर एकवटू शकले. आम्ही एकाच गावी, एकाच दगडावर उभे होतो, आणि तरी दर पंधरवड्याला परक्या मुलखात गेल्यासारखी नवी उंची आमच्यापुढे येत होती. आमचे सारे चित्त पाण्याकडे होते. शरीराचे काय करायचे हे शिकायला सवडच नव्हती.

ज्या प्रदेशात पाणी जागच्या जागी राहते तेथे हा खेळ रुजतो. १९५१ साली दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या, तेव्हा के. पी. ठक्कर यांनी फळीवरच्या आणि मनोऱ्यावरच्या अशा दोन्ही उड्यांत भारताला सुवर्णपदके मिळवून दिली. आमचा जिल्हा निजामाच्या अमलातून सुटून तेव्हा अडीच वर्षे झाली होती आणि आमच्या विहिरीवर मोट चालू होती. शेजारच्या सोलापूरने तर ऋतिका श्रीरामसारखी खेळाडू दिली, जी आई झाल्यावर पुन्हा फळीवर चढली आणि २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत महाराष्ट्रासाठी सुवर्णपदक जिंकून आली.

आमच्या आष्टी तालुक्याने जगाच्या मैदानात जो पाठविला तो मात्र पाण्यात उतरणारा नव्हे, पाणी ओलांडणारा. मांडव्याचा अविनाश साबळे. शाळेसाठी सहा-सहा किलोमीटर तुडविणारा हा शेतकऱ्याचा मुलगा महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनच्या बर्फात राहून आला, आणि तीन हजार मीटरांच्या स्टीपलचेस शर्यतीत २०१८ साली भुवनेश्वरला त्याने गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. या शर्यतीत अठ्ठावीस कोरडे अडथळे असतात आणि सात पाण्याचे. पाण्याच्या अडथळ्याशी एक आडवा दांडा असतो व पलीकडे साडेतीन मीटरांहून थोडा लांब असा खड्डा. दांड्याजवळ तो अर्धा मीटर खोल असतो आणि पुढे उतरत उतरत धावपट्टीस मिळतो. दांड्यावर पाऊल रोवून जितके लांब झेपावेल तितके पाणी कमी लागते, आणि जितके पाणी कमी लागेल तितका पाय हलका. सातही वेळा पाण्याला चुकविण्याचा हा खेळ बीडच्या पोराने आपलासा करावा, यात मला काही नवल वाटले नाही. बर्मिंगहॅमला २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तो केनियाच्या अब्राहम किबिवोतच्या मागे ०.०५ सेकंदाने दुसरा आला. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत, २०२३ च्या १ ऑक्टोबरला, ८ मिनिटे १९.५० सेकंदांत पहिला आला. पुढच्या वर्षी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठून अकरावा. बर्मिंगहॅमची शर्यत मी नातवाच्या फोनवर पाहिली, आणि शेवटच्या पाण्यापाशी आपोआप माझे पाय आखडले गेले.

दसरा झाला की आमच्याकडेही प्रवासाचा हंगाम सुरू होतो. मुकादमाकडून उचल घेतलेल्या टोळ्या कोयते, भांडी, कोंबड्या आणि लेकरे घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. आमच्या बरोबरीच्या कित्येक पोरांना विहिरीचे भरलेले रूप ठाऊकच नव्हते. ते गेले की पाणी वर असे, ते आले की खाली. त्यामुळे त्यांची पहिलीच उडी चार परसांची असे, आणि ती मारताना त्यांच्या तोंडावर भीतीची रेषाही दिसत नसे. आम्ही त्यांना शूर समजत होतो. त्यांनी दीड परसाची उडी कधी पाहिलीच नव्हती, हे फार उशिरा ध्यानात आले.

यंदा आखितीला मी गावी गेलो होतो. मोट जाऊन कैक वर्षे झाली. भोवती बोअर झाले आहेत, थारोळ्याच्या दगडावर शेवाळाच्या जागी आता धूळ आहे. आबांचा दोर कुजला तेव्हा चुलतभावाने नायलॉनचा नवा आणून त्याला तशाच गाठी मारल्या होत्या, आणि तो त्याच लिंबाच्या खुंटीवर होता. दुपारी चार-पाच पोरे आली. त्यांतल्या एकाने दोर काढला, टोकाला दगड बांधला आणि सवयीच्या हाताने खाली सोडला. एक एक गाठ त्याच्या बोटांतून निसटत गेली. सातवी गेली तेव्हा तो थांबला, थोडा वेळ खाली पाहत राहिला, आणि ओढू लागला. वर आलेल्या दगडाला ओला गाळ लागलेला होता. दोर जवळजवळ कोरडा होता. शेवटच्या गाठीपासून दगडापर्यंतचा हातभर भाग तेवढा भिजला होता. पोराने तो मला दाखविला, तसाच जसा आम्ही आबांना दाखवीत असू. मग दगड सोडून बाजूला टाकला, दोराची नीट गुंडाळी केली आणि ती पुन्हा खुंटीवर टांगून ठेवली.