अ.पा.क.

लहानपणी चितेगावच्या सातबाऱ्यावर आमच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ असे. म्हणजे अज्ञान पालनकर्ता : आमच्या वतीने अण्णा. आज स्मृतिभ्रंशाने अण्णाच सही विसरले आहेत. त्यांच्या उपचारांसाठी त्यांची जमीन विकावी, तर त्यांनीच दिलेले मुखत्यारपत्र निरुपयोगी. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ नुसार देणाऱ्याचे मन विकल झाले की ते संपते. नेमके गरजेच्या वेळी. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्मृतिभ्रंशाचा समावेश नाही. उरला उच्च न्यायालयात पालकत्वाचा अर्ज. ‘स्वतःचे हित समजण्यास असमर्थ’ हे शब्द, आयुष्यभर मराठी शिकवूनही, आम्हाला लिहवेनात. परवा शेतात नेले, तेव्हा लिंबाखाली थबकून अण्णा स्पष्ट म्हणाले, ‘‘हे विकू नका रे.’’ हे वाक्य अर्जात कुठे लिहायचे?